विद्येची वाट आणि वाटेचे भाडे

मंडळाच्या यंदाच्या स्मरणिकेकरिता शिक्षणविषयक काही ऐतिहासिक माहिती लिहून द्यावी, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे, मंडळाच्या स्थापनेची हकीकत, वसतिगृहाचा जमाखर्च हे विषय पूर्वीच्या अंकांतून अधिकारी लेखकांनी हाताळले आहेत. आम्ही पडलो प्राथमिक शाळेचे मास्तर. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा मोठ्या विषयास हात न घालता, ज्याचा हिशेब आम्ही नोकरीच्या काळात अगदी जवळून पाहिला असा एक लहानसा विषय निवडला आहे. तो म्हणजे मुलांच्या शाळेत जाण्यायेण्याचा खर्च.

शिक्षणाच्या खर्चाची गोष्ट निघाली म्हणजे फी, पुस्तके, वह्या व गणवेश यांची गणना प्रथम होते. या बाबतीत सरकारने व दानशूर गृहस्थांनी गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ केले आहे व त्याचा इतिहासही लिहिला गेला आहे. परंतु खेड्यातील मुलास फीच्याही अगोदर एक रक्कम मोजावी लागते, आणि ती अंतराची. हे अंतर कोणी पायांनी तोडले, कोणी घर सोडून तोडले, आणि आता ते पैशांनी तोडावे लागते. आमचे म्हणणे एवढेच की, आपल्यासारख्या गावोगाव एकदोन घरांनी विखुरलेल्या ज्ञातीतील मुलांस फीपेक्षा या अंतरानेच अधिक अडविले. आणि ज्या दिवशी फी माफ झाली त्या दिवशी अंतर काही माफ झाले नाही.

जुन्या काळचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे हे दापोलीजवळील मुरुडचे. १८७५ साली सरकारी सहाव्या इयत्तेच्या परीक्षेस बसण्याकरिता ते सोबत्यांसह मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले. मध्ये सह्याद्रीचा डोंगर, आणि वाट शंभरावर मैलांची. एवढे करून साताऱ्यास पोहोचल्यावर, हा मुलगा १७ वर्षांचा दिसत नाही, या सबबीवर परीक्षकांनी त्यांस परीक्षेस बसू दिले नाही. याच गृहस्थांस पुढे १९५८ साली, वयाची शंभरी गाठली असता, भारतरत्न ही पदवी मिळाली. चरित्रकार या प्रसंगातून जिद्दीचा धडा काढतात व ते योग्यच आहे. आम्हांस मात्र त्यात दुसरीही एक गोष्ट दिसते. त्या वेळी मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी सुरू होऊन (१६ एप्रिल १८५३) २२ वर्षे झाली होती, तरी कोकणातल्या विद्यार्थ्यास तिचा काडीचाही उपयोग नव्हता. वाहन देशात असणे निराळे आणि ते आपल्या गावच्या वाटेवर असणे निराळे.

ज्यांस रोज जाणेयेणे शक्य नव्हते त्यांनी घर सोडले. पुण्यासाताऱ्यास वार लावून जेवणारे व माधुकरी मागून शिकणारे विद्यार्थी होते; परंतु वार लागण्यास त्या शहरी आपल्या नात्यागोत्याची किंवा ज्ञातीची घरे असावी लागतात. ज्यांची तेथे ओळखदेख नाही अशा बहुजन समाजाच्या मुलाने उतरावे कोठे? कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी ही अडचण नेमकी ओळखली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. पुढे १९०६ ते १९०८ या काळात मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी यांची, व अस्पृश्य मानलेल्या मुलांकरिता मिस क्लार्क बोर्डिंग अशी वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली. महाराजांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, उत्पन्ने लावून दिली. आपल्यासारख्या शेकडो ज्ञातिमंडळांच्या वसतिगृहांचे मूळ या कल्पनेत आहे. वसतिगृह म्हणजे मुलास अंतराच्या पलीकडे नेऊन ठेवण्याची युक्ती होय. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास जे बोर्डिंग काढले त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवू लागली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या पोटासाठी अंगावरील दागिने, मंगळसूत्रासुद्धा, मोडले, हे आपल्या भगिनींनी अवश्य स्मरणात ठेवावे.

तथापि वसतिगृह हे निवडक मुलांकरिता असते. वीस-पंचवीस मुलांची सोय झाली म्हणजे जागा संपते. मुलींची सोय तर पुष्कळ वर्षे नव्हतीच. बाकीच्यांस रोजची वाट हाच मार्ग, आणि त्या वाटेवर वाहन मिळाले तरी सर्वांस ते एकाच भावाने मिळे असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या लहानपणची हकीकत लिहून ठेवली आहे. १९०१ च्या सुमारास शाळेच्या सुट्टीत ते भावंडांसह साताऱ्याहून आगगाडीने वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले व मसूर स्टेशनावर उतरले. मुले महार जातीची आहेत असे कळताच एकही गाडीवान त्यांस बैलगाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे कबूल करावे लागले, आणि गाडी मुलांनीच हाकावी, गाडीवानाने बाजूने पायी चालावे, असे ठरले. जातीवरून भाडे ठरण्याचा हा प्रकार फार जुना नव्हे. त्या वेळी आमच्या आजोबांची पिढी जन्मास आली होती. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिणे काही वाचकांस अप्रस्तुत वाटेल, परंतु वाहनाच्या भाड्याचा इतिहास सांगावयाचा तर ही नोंद गाळून पुढे जाता येत नाही.

मोटारी आल्या त्या खासगी मालकांच्या. लोक त्यांस ‘सर्व्हिस मोटार’ म्हणत. माणसे भरल्याखेरीज ती हालत नसे, आणि कच्च्या वाटेवर पावसाळ्यात तिचा भरवसा नसे. अशा गाडीवर शाळेची घंटा बसविता येत नाही. शाळेस वेळ लागते. आणि वेळापत्रकाने धावणारी सरकारी गाडी एसटीच्याही अगोदर निजामी राज्यात आली होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते. हैदराबाद संस्थानाने १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी मोटार वाहतूक सुरू केली होती. मुंबई इलाख्यात १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर या मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, मराठवाडा व विदर्भाच्या गाड्याही एका महामंडळाखाली आल्या, आणि ‘गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी’ हे वाक्य पोराबाळांच्या तोंडी झाले. एसटीच्या तिकिटावर गावाचे नाव असते, पैशाचा आकडा असतो, जात नसते. मसूरच्या बैलगाडीनंतर अर्धशतकाच्या आत हे घडले.

एसटीने विद्यार्थ्यांकरिता जी सोय केली तिचा हिशेब मुलांस त्रैराशिकाच्या तासास आम्ही फळ्यावर घालीत असू. विद्यार्थ्याच्या मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत असते; म्हणजे १० दिवसांच्या जाण्यायेण्याचे भाडे भरून ३० दिवस प्रवास करावयाचा. समजा, गाव ते शाळा एका बाजूचे तिकीट २० रुपये आहे. ६० फेऱ्यांचे १,२०० रुपये होतील; पास ४०० रुपयांस मिळतो. प्रत्यक्षात शाळा महिन्यातून २५ दिवस भरली तरी ५० फेऱ्यांचे १,००० रुपये पडले असते. सवलतीचा बोजा राज्य शासन उचलते. ही सवलत नसती तर खेड्यातील निम्मी मुले सातवीनंतर घरी बसली असती, असे आमचे मत आहे. मात्र सवलत टक्क्यांनी दिलेली असल्याने मूळ भाडे वाढले की पासही वाढतो. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा वरील ४०० चा पास ४६० च्या घरात गेला. शहरातील नोकरदार वाचकांस हे ६० रुपये क्षुल्लक वाटतील. ज्या घरी दोन मुलगे पासावर शिकतात तेथे महिन्यास ९२० रुपये झाले, आणि ते सुटे सुटे नव्हे, महिन्याच्या आरंभी रोख.

रोख हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पास काढण्याची पहिली वेळ जूनमध्ये येते. शेतकऱ्याच्या घरात वर्षातील सर्वांत कोरडा महिना हाच. मृगाच्या तोंडावर बी-बियाणे, खत, बैलाचे किंवा ट्रॅक्टरचे भाडे यांत होते नव्हते ते गेलेले असते. त्याच पंधरवड्यात शाळा उघडते, बोनाफाईड दाखला लागतो, फोटो लागतो आणि पासाचे पैसे लागतात. दिवाळीनंतर हेच पैसे देण्यास तो कुरकुर करीत नाही.

आमची शाळा सातवीपर्यंतची होती. पुढच्या वर्गास मुले ९ किलोमीटरवरील तालुक्याच्या गावी जात. त्यामुळे दर वर्षी उन्हाळ्यात सातवीच्या मुलांचे पालक आमच्याकडे सल्ला विचारावयास येत. नव्वदच्या सुमारास ज्ञातीतीलच एक गृहस्थ आले. नाव सांगण्याचे कारण नाही. मुलगा व मुलगी एका वर्षाच्या अंतराने शिकत होती. मुलगा नापास झाल्याने दोघे एकाच वर्षी सातवी पास झाली. “गुरुजी, पास एकाचाच निघतो. दोघांतलं कुणाला धाडू ते तुम्ही सांगा,” असे ते म्हणाले. मुलगी वर्गात पहिली होती. आम्ही तसे सांगितले. त्यांनी मान डोलावली, चहा घेतला आणि जूनमध्ये मुलाचा पास काढला. त्या गृहस्थांस दोष देण्याचे आमच्या मनात नाही. ते आमच्याहून गरीब होते, आणि मुलगी परक्या घरी जाणार हा हिशेब त्यांनी एकट्याने मांडलेला नव्हता. आपण सर्वांनी पिढ्यान्‌पिढ्या तो मांडीत आणला आहे. वस्तुतः १९५९ साली यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत ई.बी.सी. सवलत आली व गरिबांच्या मुलांची फी माफ झाली. मुलींची फीही पुढे माफ झाली. त्या मुलीला तालुक्याच्या शाळेत फीचा एक पैसा पडला नसता. तिला फक्त ९ किलोमीटर पडत होते.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात राज्य शासनाने अहिल्याबाई होळकरांच्या नावाने योजना काढून ग्रामीण मुलींस शाळेसाठी एसटीचा प्रवास विनामूल्य केला. आरंभी ती दहावीपर्यंत होती, नंतर बारावीपर्यंत वाढली. या एका कागदाने जे केले ते आमच्या व्याख्यानांनी झाले नव्हते. पूर्वी येणारे पालक ‘कोणाला धाडू’ असे विचारीत. आता ते विचारू लागले की, पोरगी गाडीने जाईल, पोरग्याला जुनी सायकल कोठे मिळेल? २०११ पासून मानव विकास कार्यक्रमात २२ जिल्ह्यांतील १२५ मागास तालुके घेतले गेले आणि तेथे मुलींना शाळेत पोहोचविण्याकरिता निळ्या रंगाच्या गाड्या धावू लागल्या. मुलींच्या शाळेच्या वेळेला गाडीची वेळ जुळविली, हे या योजनेचे खरे मर्म. कारण मुलींच्या पालकांची दुसरी चिंता भाड्याची नसून अंधाराची असते. सायंकाळची गाडी चुकली की प्रश्न पैशाचा राहत नाही.

सवलत ही सर्वत्र आपोआप मिळाली असे मात्र कोणी समजू नये. गोव्यातील आपले बांधव ही हकीकत चांगली जाणतात. तेथे मुक्तीनंतरही प्रवासी वाहतूक खासगी मालकांच्या हाती होती. या गाड्यांस तिकडे ‘कारेर’ म्हणत. १९७८–७९ साली विद्यार्थ्यांनी भाड्यात ५० टक्के सवलत मागितली आणि त्यासाठी सारा गोवा हालविला. मोर्चे निघाले, लाठ्या चालल्या. मागणी साधी होती: आम्ही कमावते नाही, तर आमच्याकडून कमावत्या माणसाचे भाडे घेऊ नये. सवलत पदरात पडली, आणि १९८० साली कदंब परिवहन महामंडळ ही सरकारी वाहतूक संस्थाही निघाली. आज त्या चळवळीतील मुले आमच्याच वयाची, नातवंडांस शाळेत सोडणारी झाली आहेत.

रेल्वेने याच दिशेने मोठे पाऊल टाकले. २००८–०९ च्या रेल्वे अंदाजपत्रकात मुलींस पदवीपर्यंत व मुलांस बारावीपर्यंत घर ते शाळा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य करण्यात आला. कल्याण, पालघर, दौंड अशा ठिकाणच्या कुटुंबांनी याची चौकशी अवश्य करावी. आपल्या बहुसंख्य गावांस मात्र रूळच नाहीत, म्हणून येथे एवढेच.

आता ज्या गोष्टी लिहिताना लेखणी जड होते त्यांकडे वळतो. २०१५ साली मराठवाड्यात दुष्काळ होता. त्या वर्षी एका शाळकरी मुलीने, घरी पासाचे पैसे नाहीत म्हणून, आपले जीवन संपविले. रक्कम तीनशे रुपयांच्या आतली होती. वर्तमानपत्रांत बातमी आली, सरकार हालले, आणि दुष्काळग्रस्त भागातील विद्यार्थ्यांस मोफत पास देण्याचा निर्णय झाला. पुढील दुष्काळांतही तो लागू करण्यात आला. त्या मुलीची ज्ञाती कोणती होती हे आम्ही शोधले नाही व कोणी शोधू नये. तिच्या गावी किंवा शेजारच्या गावी कोणत्या ना कोणत्या मंडळाचा निधी बँकेत पडून असेलच.

दुसरी गोष्ट २०२१ सालची. २८ ऑक्टोबरपासून एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या हालअपेष्टाही खऱ्या होत्या. त्या वादात आम्ही शिरत नाही. करोनाच्या साथीने दीड वर्ष बंद असलेल्या शाळा नुकत्या उघडत होत्या, आणि मुलांस न्यावयास गाडी नव्हती. पास हा गाडी असेल तरच पैसा; नसेल तर तो कागद. वडाप, काळी-पिवळी, टमटम यांत पास चालत नाही. जेथे मुक्कामी गाडी येत असे, म्हणजे रात्री गावात थांबून पहाटे सुटत असे, तेथील मुले सकाळच्या शाळेस वेळेवर पोहोचत. ती गाडी बंद होताच गाव शाळेपासून दूर गेले, जरी रस्ता तेवढाच होता. त्या मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा ‘शाळा तेथे केंद्र’ अशा रीतीने झाल्या, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

तिसरी गोष्ट शाळांच्या समायोजनाची. शिक्षणहक्क कायद्याने (२००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू) पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असे मानले. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा त्यांचीही धडपड शाळा मुलाच्या दारी नेण्याचीच होती. परंतु डिसेंबर २०१७ मध्ये १० हून कमी पट असलेल्या १,३०० हून अधिक शाळा जवळच्या शाळांत मिळविण्याचा निर्णय झाला, आणि २०२३ पासून लहान शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची चर्चा आहे. एका शिक्षकाच्या शाळेत चार इयत्ता एकदम शिकविण्याची कसरत आम्ही स्वतः केली आहे, म्हणून मोठ्या शाळेचे फायदे आम्हांस कोणी सांगावयास नकोत. तरीही शाळा मिटविल्याने जो खर्च वाचतो तो नाहीसा होत नाही. तो मुलाच्या वाटेवर जाऊन बसतो आणि सहा वर्षांच्या पायांनी किंवा बापाच्या खिशातून वसूल होतो. तसेच २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क माफ झाले, ही आनंदाची गोष्ट होय. पण नववीत गळालेली मुलगी त्या माफीपर्यंत पोहोचत नाही.

आपले मंडळ दर वर्षी दिवाळीनंतर गुणगौरव समारंभ करते. शाल, श्रीफळ, प्रशस्तिपत्र आणि दहावी-बारावीस विशेष गुण मिळविणाऱ्यांस पारितोषिके. समारंभ देखणा होतो व तो व्हावाच. पण पारितोषिक मिळते ते पोहोचलेल्यास, आणि तेही नोव्हेंबरमध्ये. वर मांडलेल्या हिशेबाने एका मुलाचा १० महिन्यांचा पास ४,६०० रुपयांच्या आसपास जातो. ज्ञातीत आठवी ते बारावीची, पासावर शिकणारी, आणि मोफत योजनेत न बसणारी मुले किती आहेत याची यादी प्रत्येक गावच्या प्रतिनिधीने मे अखेर चिटणीसांकडे द्यावी. निदान पहिल्या दोन महिन्यांच्या पासाची रक्कम, म्हणजे दर मुलामागे हजाराच्या आत, शाळा उघडण्यापूर्वी पालकाच्या हाती पोहोचावी, असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सभेपुढे मांडणार आहोत. पैसे पालकांच्या नावे धनादेशाने न देता प्रतिनिधीनेच मुलासोबत आगारात जाऊन पास काढून द्यावा, अशीही एक सूचना आली आहे. तीवर सभेत चर्चा व्हावी. सेवानिवृत्त शिक्षकांपैकी आम्ही काही जण या कामी आपापल्या तालुक्यात जाण्यास तयार आहोत. येण्याजाण्याचे भाडे मंडळाकडून घेतले जाणार नाही. आम्हां वृद्धांस ते आता निम्मेच पडते.